जनरेशन गॅपचं वर्कशॉप: डोक्यामागे साडेतीन हजार, कामाची वीस मिनिटं

आमची कंपनी भोसरी एमआयडीसीत, गाड्यांच्या पार्ट्सचं मशीनिंग, माणसं शंभर-सव्वाशे. एकोणीस वर्षांच्या अप्रेंटिसपासून पुढच्या वर्षी रिटायर होणाऱ्या सेटर (मशीन कामासाठी लावून देणारे) काकांपर्यंत सगळी वयं आहेत. मी एचआर बघते, म्हणजे हजेरी, पीएफ, कॅन्टीनची भांडणं आणि खंडेनवमीचे पेढे. दिवाळीनंतर सात पोरं सोडून गेली, मालकांचं म्हणणं आजकालच्या पोरांना टिकायचंच नसतं, तेवढ्यात कुठून तरी त्यांना या ट्रेनरचं कार्ड मिळालं. विषय 'वेगवेगळ्या पिढ्यांची टीम कशी सांभाळायची', एक दिवस, माणशी साडेतीन हजार अधिक जीएसटी, चोवीस जण. संस्थेचं नाव लिहीत नाही, हे असंच विकणारे बरेच आहेत.

पहिली गोष्ट, वार. पिंपरी-चिंचवड-भोसरीकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते हे इथल्या शेंबड्या पोराला माहितीये. यांनी गुरुवारच दिला आणि मालक खूश, प्रोडक्शन बुडत नाही ना! सकाळी साडेनऊला हॉलमध्ये चोवीस चेहरे असे, की जणू दुखवट्याला आलेत.

मग स्लाइडा. बेबी बूमर 1946 ते 64, जनरेशन एक्स 80 पर्यंत, मिलेनियल 1981 ते 96, जेन झी 97 च्या पुढे. प्रत्येकाला एक कार्टून आणि एक स्वभाव, अगदी राशीभविष्य. अहो पण बेबी बूम कोणाची, तर महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत जी पोरं झाली त्यांची. 46 साली आपल्याकडे स्वातंत्र्यच आलं नव्हतं! आमच्या काकांची पिढी मोजायची तर बहात्तरच्या दुष्काळापासून मोजा. वडील गाव सोडून पिंपरीला आले, कंपनीत हेल्पर म्हणून लागले, म्हणून काका आयटीआयला गेले. माझ्यासारख्यांची 91 च्या उदारीकरणानंतरची. आणि पोरांची 2016 ची, जिओचं फुकट नेट आलं तेव्हा ती शाळेत होती. चहाच्या वेळेत मी हे बोलले तर सर म्हणाले, मॅडम हे ग्लोबल फ्रेमवर्क आहे. घरी येऊन शोधलं तर अमेरिकेच्याच नॅशनल अकॅडमीजने (सरकारला सल्ला देणारी तिथली विज्ञानसंस्था) 2020 मध्ये आख्खा रिपोर्ट काढलाय की कामावरची माणसं सांभाळायला या पिढ्यांच्या खोक्यांना संशोधनाचा फारसा आधार नाही. म्हणजे त्यांनी टाकून दिलेलं आपण जीएसटी भरून घेतोय.

त्यात सरांनी नियम काढला, आज सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारणार, हायरार्की तोडायची. आमच्या व्हीएमसीवरच्या (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) पोराला उभं केलं, काकांना नावाने बोलाव म्हणाले. पोरगं लाल झालं, दोनदा तोंड उघडलं आणि शेवटी 'काका, तुमचं नाव घ्यायचंय' एवढंच म्हणालं. हॉलमध्ये पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

आता जे चांगलं झालं ते. दुपारी सरांना कोणाचा तरी फोन आला, ते बाहेर गेले ते पाऊण तास, आणि त्यांच्यासोबत आलेल्या असिस्टंट मुलीने (वय फार तर पंचवीस) मधल्या वेळात एक खेळ घेतला. एक जुना एक नवा अशा जोड्या, दहा मिनिटं त्याने याला शिकवायचं, दहा मिनिटं याने त्याला, पण रोज लागणारंच काहीतरी. काकांनी खिशातली डायरी काढली, कुठल्या जॉबला कुठलं टूल किती पीसनंतर आवाज बदलतं आणि मग ऑफसेट (मशीनच्या मापातली दुरुस्ती) किती द्यायचा, वीसेक वर्षांचं सगळं त्यात. पोरगं म्हणालं मी हे फोनमध्ये फोटो काढून ठेवायचो, पण शॉपफ्लोरवर फोन बंद केलात ना. ही बंदीची नोटीस माझ्याच सहीची आहे, मी मान खाली घातली. मग त्याने काकांना उमंग अॅपवर पीएफचं पासबुक उघडून दाखवलं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची शिल्लक बघितली, आणि बघता बघता कळलं की पीएफला असलेलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. रिटायरमेंटच्या वेळी हे निघालं असतं तर पैसे अडकले असते आणि माझ्या टेबलासमोर काका रोज येऊन बसले असते. दुसऱ्याच दिवशी नाव दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लरेशनचा अर्ज टाकला.

सर परत आले आणि पुन्हा स्लाइडा.

एक गोष्ट मात्र मला खटकली ती खटकलीच. दिवसभरात सरांनी एकदाही विचारलं नाही की सोडून गेलेली पोरं रोलवर, म्हणजे कायम, होती का ट्रेनी. मी नंतर फाइली काढल्या. सातही ट्रेनी, आणि त्यातली पाच गेली ती ट्रेनी पीरियड दुसऱ्यांदा वाढवला त्या महिन्यात. काका 98 ला लागले, वर्षात परमनंट झाले, कर्ज काढून घर बांधलं. आजच्या ट्रेनी पोराला बँक बाइकचं लोन देत नाही. त्याचं कार्टून कुठल्या स्लाइडवर होतं देव जाणे. हा हिशेब लिहिलेला कागद मालकांच्या टेबलावर ठेवलाय, अजून तिथेच आहे.

पाचपैकी दोन स्टार. दीड त्या मुलीचा, अर्धा जेवणातल्या मठ्ठ्याचा (जिलेबी गार होती). घ्यायचंच असेल तर अर्ध्या दिवसाचं मागा, नुसता जोड्यांचा खेळ घ्या म्हणावं, आणि वार आधी विचारा. आमची त्या गुरुवारची बदली सुट्टी अजून मिळालेली नाही, आणि सगळे त्याबद्दल मलाच विचारतात, काका पण आणि पोरं पण.