पिम्लिको, टिटफिल्ड की ती म्हातारी? ईलिंगचा पहिला सिनेमा कोणता बघावा

लंडनच्या ईलिंग स्टुडिओतले जुने विनोदी सिनेमे बघायचे ठरवले की तीन नावे हटकून पुढे येतात: ‘पासपोर्ट टू पिम्लिको’ (१९४९), ‘द टिटफिल्ड थंडरबोल्ट’ (१९५३) आणि ‘द लेडीकिलर्स’ (१९५५). तिन्ही दीड तासाच्या आसपासचे, तिन्ही स्टुडिओचा प्रमुख मायकेल बाल्कन याच्या कारकिर्दीतले. ‘आम्ही इंग्रज म्हणजे नेमके कोण’ हा प्रश्नही तिन्हींत आहे. फरक आहे तो गतकाळाकडे बघण्याच्या नजरेत.

माझे मत आधीच सांगतो: सुरुवात ‘पिम्लिको’पासून करा.

युद्ध संपून चार वर्षे झालीत, तरी रेशन चालूच आहे. लंडनच्या एका वस्तीत न फुटलेला बॉम्ब फुटतो आणि खड्ड्यात खजिना व एक जुना दस्तऐवज सापडतो. त्यानुसार ही वस्ती कायद्याने बर्गंडीच्या (आजच्या फ्रान्समधल्या एका जुन्या राज्याच्या) ड्यूकची ठरते. म्हणजे इथे ब्रिटिश कायदा लागू नाही! लोक रेशनकार्डे फाडतात, दारूचा गुत्ता वेळेनंतरही उघडा राहतो. मग काळाबाजारवाले घुसतात, सरकार काटेरी तारा लावते आणि वस्तीची नाकेबंदी होते. तेव्हा बाहेरचे लंडनकर तारांवरून खाण्याचे जिन्नस आत फेकू लागतात. युद्धातल्या एकोप्याची ओढ या प्रसंगात उघड दिसते, पण तिची किंमतही सिनेमा लपवत नाही: एकोपा हवा तर रेशनची रांगही आलीच. आम्ही इंग्रज आहोत म्हणूनच बर्गंडियन असण्याच्या हक्कासाठी भांडतोय, असे एक बाई ठणकावतात. हे तर्कट ऐकून हसू येते आणि पटतेही. स्टॅनली हॉलोवे दुकानदाराच्या भूमिकेत झकास आहे. बोली मात्र भराभर कानावरून जाते, सबटायटल्स लावाच.

‘टिटफिल्ड’ही पटकथाकार टी. ई. बी. क्लार्कचाच, पण इथे गतकाळाबद्दल शंकेला जागाच नाही. १९४८मध्ये ब्रिटनच्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. सिनेमात सरकार एका खेड्याची छोटी लाइन बंद करते आणि गावचा पाद्री, जमीनदार मंडळी ती स्वतः चालवायला घेतात. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेच्या स्वयंसेवकांवरून ही कल्पना सुचली. ईलिंगचा हा पहिला रंगीत विनोदपट. बाथजवळची हिरवी दरी डोळे निववते. त्यात धावणारे जुने इंजिन खरोखरचे, १८३८ सालचे. लाइनऐवजी बस आली तर घरांना नावांऐवजी नंबर येतील, ही गावकऱ्यांची भीती. मात्र लाइनला पैसा पुरवणारा श्रीमंत गृहस्थ (पुन्हा हॉलोवेच) गाडीतल्या बारमध्ये सकाळपासून प्यायला मिळेल म्हणून तयार होतो, आणि माझ्या मते सिनेमातले सगळ्यात प्रामाणिक पात्र तेच. विदर्भातल्या ‘शकुंतला’ रेल्वेसाठी ज्यांचा जीव तुटतो, त्यांनी माझे न ऐकता हाच आधी लावावा.

स्मरणरंजनाचा तुम्हाला आधीच वीट आला असेल, तर थेट ‘लेडीकिलर्स’. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक स्कॉटिश कुटुंबातला, जन्माने अमेरिकेतला. लेखक विल्यम रोझ तर अमेरिकनच. किंग्ज क्रॉसजवळच्या म्हातारीच्या घरात दरोडेखोर वादक बनून राहतात. बॉम्बहल्ल्यांपासून त्या घरातल्या तसबिरी सरळ राहत नाहीत. म्हातारीचा एकविसावा वाढदिवस राणी व्हिक्टोरियाच्या मृत्यूच्या बातमीने अर्धवट राहिला होता, आणि ती अजून त्याच काळात वावरते. तिच्या शिष्टाचारापुढे पाच बदमाश हतबल होतात. जुना इंग्लंड इथे गोड आहे, चिवट आहे आणि थोडा भीतिदायकही. तिघांत कलाकृती म्हणून हाच सरस. पण आधीचे दोन पाहिल्यावर त्याची धार जास्त जाणवते, म्हणून तो शेवटी ठेवा. आणि शोधताना साल तपासा: याच नावाचा टॉम हँक्सचा २००४ चा अमेरिकन सिनेमाही आहे, तो अमेरिकेच्या दक्षिणेत घडतो. तुम्हाला १९५५ चा, अ‍ॅलेक गिनेस हा नट असलेला हवा आहे.