जुन्या लॅपटॉपमध्ये क्वाड्रो एम२२०० : आठ महिने वापरल्यावर

मी इंदूरला घरून इंटिरियरची कामं करते. लॅपटॉप २०१४ चा, पण दणकट, आणि त्याचं ग्राफिक्स कार्ड एमएक्सएम स्लॉटमध्ये (लॅपटॉपमधलं कार्ड काढता-घालता येईल अशा खाचेत) बसतं म्हणूनच बदलता आलं. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती चिप बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तेव्हा खालचं झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे काढू नका. जुनं कार्ड एनव्हिडियाचं क्वाड्रो के११००एम, २ जीबीचं, केपलर नावाच्या जुन्या पिढीतलं. त्या पिढीला ४७० मालिकेच्या पुढचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नाहीत. म्हणून त्याच कंपनीचं वापरलेलं क्वाड्रो एम२२०० घेतलं, ४ जीबीचं.

पहिली अडचण ड्रायव्हरची. इन्स्टॉलर म्हणे, जुळणारं हार्डवेअरच सापडत नाही. कार्ड व्यवस्थित होतं. फक्त या लॅपटॉपमधल्या या कार्डाचा हार्डवेअर आयडी ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये चालणाऱ्या कार्डांची जी यादी असते, तिच्यात नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमधून आयडी उचलून यादीत टाकला, फाइल बदलल्यामुळे ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची तपासणी बंद ठेवून विंडोज सुरू केलं, झालं. ड्रायव्हर बदलला की हे सगळं पुन्हा करावं लागतं.

खरा छळ पुढे. वीस मिनिटं रेंडर (खोलीचं खरं वाटेल असं चित्र तयार करणं) चाललं की पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन आणि मशीन बंद. तापमान बघावं तर ६८ अंश! एका दुकानात नेलं. "भिया, कार्ड ही डेड है," म्हणाले, आणि जाड थर्मल पॅड (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारे मऊ तुकडे) लावून परत दिलं. आता तापमान थेट ९४.

शेवटी रामबागेतल्या मावशीकडे, तिच्या जेवणाच्या टेबलावर, मीच हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) उचलला. मधल्या मुख्य चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट जशीच्या तशी, ओली, कुठेही दबलेली नाही. जाड पॅडमुळे हीटसिंक चिपला टेकतच नव्हता. आणि दुकानदाराने काढून पुडीत दिलेले जुने पॅड पाहिले, तर दोन तुकडे सोडून सगळ्यांवर मेमरी चिपचे चौकोनी ठसे. ते दोन कोरे, गुळगुळीत. त्या दोन चिप्सना हीटसिंक लागतच नव्हता, आणि ६८ हा आकडा होता मुख्य चिपचा. मेमरीचं तापमान हे कार्ड दाखवतच नाही.

मग सिल्व्हर मॉलमधून अर्धा आणि एक मिलिमीटरचे पॅड आणले. ठसे होते तिथे अर्ध्याचे, कोऱ्या दोन जागी एकचे. स्क्रू तिरपे, थोडेथोडे आवळले. पुन्हा उघडून सगळे ठसे उमटलेत का ते पाहिलं, मगच नवी पेस्ट लावून बंद केलं. एवढा एक अर्धा मिलिमीटर! त्यापायी मी चांगलं कार्ड भंगारात देणार होते.

त्यानंतर चौकोन एकदाही दिसले नाहीत. मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा, कूलर लावून, तापमान ७९ च्या वर गेलं नाही. ज्या स्वयंपाकघराच्या सीनला पूर्वी पन्नास मिनिटं लागत, तो सतरा मिनिटांत होतो. ग्राहक समोर बसलेला असताना ओट्याचा रंग बदलून दाखवता येतो, याचं मला फार समाधान आहे.

चार्जर मूळ क्षमतेचाच वापरा. जुनं कार्ड ४५ वॅटचं होतं, हे ५५ वॅटचं आहे. एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही: स्लीपमधून उठवल्यावर ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत, रीस्टार्टच करावं लागतं.