आरएक्स १००: मूळ ९८ सीसी बांधायची, की १३५ चं इंजिन बसवायचं?

नाशिकमध्ये ज्याच्या घरी यामाहाची जुनी आरएक्स १०० मोटारसायकल अजून किकवर चालू होते, त्याच्यासमोर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. गावात गाडी मजेत पळते. पण वणीमार्गे सापुताऱ्याला डबल सीट निघालात, की घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागतं आणि मागून येणारी नवी दीडशे सीसीची गाडी सहज पुढे जाते. मग गॅरेजमध्ये कुणीतरी म्हणतं, "भाऊ, आरएक्स १३५ चं इंजिन टाकून घे, विषय संपव."

विषय तिथे संपत नाही. माझं मत आधीच सांगतो. गाडीचे कागद चोख असतील आणि मूळ इंजिन अजून तिच्यातच असेल, तर तेच नीट बांधा. १३५ चं अख्खं इंजिन बसवणं हा दुसरा पर्याय, तो काही जणांना पटण्यासारखा आहे. १०० च्या केसवर (क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं आवरण) १३५ चा ब्लॉक (वरचा सिलिंडर) चढवणं हा तिसरा, आणि तो करू नका.

हा मोह होतो कशामुळे, ते आकड्यांत दिसतं. आरएक्स १०० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मिमी, म्हणजे ९८ सीसी. आरएक्स १३५ चा स्ट्रोक तोच ५० मिमी, फक्त बोअर ५८ मिमी, म्हणजे १३२ सीसी. पिस्टन आठ मिलिमीटरने रुंद झाला की क्षमता जवळपास ३५ टक्क्यांनी वाढते. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्हीला रीड व्हॉल्व्ह. त्यामुळे "फक्त ब्लॉक तर बदलायचा" असं वाटणं साहजिक आहे.

आता मूळ इंजिनाकडे पाहू. या गाड्या १९८५ ते १९९६ या काळातल्या. नवी असताना हिची ताकद साधारण ११ अश्वशक्ती होती आणि गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. आज जी आरएक्स "दमली" म्हणून गॅरेजला येते, तिच्यात यातली किती ताकद शिल्लक आहे हे कुणी तपासतच नाही. तीन दशकांत क्रँकचे (पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या शाफ्टचे) ऑइल सील कडक होतात. तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिकअप जातो. मालकाला वाटतं सीसी कमी पडतेय. खरं तर सील गेलेलं असतं.

अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नेमकं काम करणारा मशीनिस्ट शोधला, तर क्रँक तपासताना समोर उभे राहा. क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर ठेवतात, शाफ्टच्या टोकाला डायल गेज टेकवतात आणि हाताने सावकाश फिरवतात. काटा मिलिमीटरच्या तीन शतांश भागांपलीकडे हलत असेल, तर क्रँक वाकडा आहे. तांब्याच्या हातोडीने ठोकून तो सरळ करतात, पुन्हा फिरवतात, पुन्हा ठोकतात. घाई करणाऱ्याला हे काम देऊ नये. हे न करता वर नवा पिस्टन टाकला, तर तो पिस्टन काही महिन्यांत आवाज करू लागतो आणि पैसे वाया जातात.

ब्लॉकला पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी ओव्हरसाइझ पिस्टन मिळतात, ०.२५ पासून १.०० पर्यंत. शेवटच्या टप्प्यालाही क्षमता १०२ सीसीच होते, म्हणजे रिबोअरने ताकद वाढेल ही आशा सोडा. रिबोअर झिजलेलं सरळ करण्यासाठी असतो. कनेक्टिंग रॉड किट, सगळे बेअरिंग, दोन्ही सील, स्वच्छ केलेला कार्ब (कार्ब्युरेटर) आणि आतली काजळी काढलेला सायलेन्सर, एवढं झालं की गाडी पुन्हा आपल्या आवाजावर येते. सायलेन्सरकडे दुर्लक्ष करू नका. टू-स्ट्रोकमध्ये तो निव्वळ धूर बाहेर टाकायची नळी नसतो. त्याच्या आतल्या आकारावर इंजिनाची अर्धी ताकद ठरते, आणि काजळीने तो अरुंद झाला तर नवा पिस्टनही काही करू शकत नाही.

ब्लॉक चढवण्याबद्दल. ५८ मिमीच्या बोअरचा लायनर (सिलिंडरची आतली नळी) बाहेरून साठ मिलिमीटरच्याही पुढे जातो, तो १०० च्या केसच्या तोंडात बसत नाही. म्हणून केसचं तोंड मशीनवर मोठं करतात. तिथे धातू पातळ होतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण वर नेणाऱ्या ट्रान्सफर पोर्टची तोंडं ब्लॉक आणि केस यांच्यात जुळत नाहीत, ती हाताने ग्राइंडरवर जुळवली जातात, आणि तेव्हा सगळं कारागिराच्या हातावर येतं. यापेक्षाही मोठं नुकसान वेगळं आहे. इंजिन नंबर त्याच केसवर कोरलेला असतो. तुमच्या आरसी बुकाशी जुळणारा तोच एक तुकडा, आणि तोच तुम्ही कायमचा कापता. काही जण नेमकं याचसाठी हा मार्ग घेतात: नंबर मूळचा, आत सीसी मोठी, कुणाला कळणार नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेयरने इंजिन उघडायला लावलं की सगळं कळतं.

अख्खं १३५ चं इंजिन बसवणं यांत्रिक दृष्ट्या पुष्कळ स्वच्छ. फ्रेमवरच्या माउंटिंगच्या जागा जवळपास त्याच असल्याने वेल्डिंगला हात लावावा लागत नाही, आणि लावायला सांगणाऱ्या मेकॅनिकपासून लांबच राहा. इंजिनासोबत त्याचाच कार्ब, त्याचाच सायलेन्सर आणि त्याचंच सीडीआय (इग्निशनचं इलेक्ट्रॉनिक युनिट) घ्या. १०० चा सायलेन्सर ठेवून १३५ चालवणारे खूप भेटतात आणि मग गाडी वरच्या आरपीएमला गुदमरते म्हणून तक्रार करतात. फायदा जाणवतो तो मधल्या आरपीएमला. डबल सीट असताना गिअर कमी वेळा पाडावे लागतात, चढाला ओढ टिकते. पाच गिअरचं इंजिन मिळालं तर हायवेवर आवाजही शांत राहतो.

पण फ्रेम, चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) आणि ब्रेक मात्र १०० चेच राहतात. पुढे-मागे १३० मिमीचे ड्रम आहेत, ते ९८ सीसीच्या वेगासाठी दिलेले. वेग ताशी ७० वरून ९० वर गेला की थांबवायची ऊर्जा सुमारे १.६५ पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून इंजिनाआधी चिमट्याचे बुश, हँडलचा बॉल रेसर, ब्रेक लायनर आणि टायर यांवर खर्च करा. यातलं काही ढिलं असेल तर गाडी वळणावर डोलते, आणि जास्तीची ताकद तिथेच घात करते.

इथल्या रस्त्यांबद्दल एक सांगायला हवं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. कसारा घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून इंजिन ब्रेकिंगवर गाडी सोडली, की टू-स्ट्रोकला वंगण फार कमी मिळतं. अनेक गॅरेजवाले ऑइल पंप काढून टाकीतच ऑइल मिसळायला सांगतात, तेव्हा तर पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. शिवाय खाली हवा दाट असते, त्यामुळे नाशिकला काटेकोर लावलेलं कार्बचं जेट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारं भोक) तिथे थोडं पातळ पडतं. उतारावर अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल द्या. हे दोन्ही इंजिनांना लागू आहे, पण रुंद पिस्टन तापला की जास्त फुगतो, त्यामुळे नव्याने बसवलेल्या १३५ ला अधिक जपावं लागतं.

कागदांचा भाग कोरडा असला तरी निर्णय बहुतेकदा इथेच होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी पेठ रोडच्या आरटीओत न्यावीच लागते, आणि तिथे चासी व इंजिन नंबर पाहिले जातात. म्हणून इंजिन बदलायचंच असेल तर काम सुरू करण्याआधी तिथे विचारा, आणि मंजुरी मिळाली तर लेखी घ्या. इंजिन ज्या गाडीतून आलं तिचे कागद आणि बिल नसेल, तर ते कितीही चांगलं असो, घेऊ नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिस तुमच्याच दारात येतील.

२०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी त्यात बसते. चासी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असेल तर बसत नाही. पहिल्या आरएक्स १०० ची पन्नाशी २०३५ मध्ये येईल. ती फार लांब नाही, आणि आज बदललेल्या गाडीला तेव्हा ही वाट बंद असेल.

बुलेटवाल्यांचा ३५० ची ५०० करायचा प्रश्नही असाच. जुन्या ३५० चा बोअर ७० मिमी, ५०० चा ८४, स्ट्रोक दोन्हीचा ९० मिमी. तिथे फ्रेम दणकट असल्याने यांत्रिक काळजी कमी, पण विम्याचा गट बदलतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १५० ते ३५० सीसीला थर्ड पार्टी हप्ता वर्षाला १,३६६ रुपये आहे आणि त्यापुढे २,८०४. आरएक्सचं तसं नाही. ९८ आणि १३२ दोन्ही सीसी ७५ ते १५० च्याच गटात येतात, म्हणून हप्ता वाढत नाही. विमा कंपनीला बदल कळवावा मात्र लागतोच.

तर मग कुणी काय करावं? रोज गंगापूर रोड, कॉलेज रोड, फार तर त्र्यंबकला जाऊन येणं असेल, तर मूळ इंजिनच. गाडी वडिलांची किंवा काकांची असेल तर त्यात दुसरा विचारही करू नका. दर रविवारी डबल सीट घाट चढायचे असतील, तर कागदपत्रांसह एक आरएक्स १३५ शोधा. ती कायदेशीर आहे, तिचे ब्रेक तिच्याच इंजिनासाठी दिलेले आहेत आणि तुमची १०० तशीच राहते. मूळ इंजिन आधीच्याच मालकाने गमावलेलं असेल, तर आधी ९८ सीसीचंच, कागद असलेलं इंजिन शोधा. तेही मिळालं नाही आणि आरटीओने लेखी होकार दिला, तरच १३५ चं अख्खं इंजिन.

मूळ इंजिन हाताशी असूनही १३५ च बसवायचं ठरवलं, तर काढलेलं इंजिन कुणालाही विकू नका. प्लगच्या भोकातून दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल घाला, किक दोन-तीनदा हळू फिरवा, इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं चिंध्यांनी घट्ट बंद करा, पोत्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि वर आरसीची झेरॉक्स बांधा.