डीएसओ१३८ : गाडीच्या अ‍ॅम्पचा गेन लावायला हा छोटा स्कोप पुरतो का?

मल्टीमीटरवर गेन (अ‍ॅम्प आत येणारा सिग्नल किती वाढवतो ते) लावायचं गणित सोपं: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. १०० वॉट, ४ ओहम म्हणजे आउटपुटवर मीटरच्या हिशोबाने (आरएमएस) २० व्होल्ट; लाटेचं शिखर त्याच्या साधारण १.४ पट. पण लाटेचा माथा सपाट झाला, म्हणजे क्लिपिंग सुरू झालं, तरी मीटर नुसता आकडाच दाखवतो. माथा डोळ्यांनी पाहायला जेवायई टेकचा डीएसओ१३८ हा छोटा ऑसिलोस्कोप (स्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र) स्वस्तातला उत्तम मार्ग. स्क्रीन २.४ इंची, बँडविड्थ (किती वारंवारतेपर्यंत लाट नीट दिसते) २०० किलोहर्ट्झ, ऑडिओसाठी भरपूर. मात्र किट स्वतः सोल्डर करावं लागतं आणि बाजारात नकला बऱ्याच आहेत.

खरी उणीव सोबतच्या चिमटेवाल्या वायरची. तिच्यावर कमाल स्केल पडद्यावरच्या एका घराला ५ व्होल्ट, उभी घरं ८, म्हणजे वर ४ आणि खाली ४. म्हणजे २० व्होल्टचं शिखर, ४ ओहमवर जेमतेम ५० वॉट. इनपुटची मर्यादाही ५० व्होल्ट शिखराची. ४०० वॉटचा अ‍ॅम्प ४ ओहमवर ५६ व्होल्ट शिखरापर्यंत जातो. त्यामुळे १०एक्स प्रोब (व्होल्टेज दहापट कमी करून स्कोपला देणारी वायर) घ्याच. स्कोपवरच्या १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेचे कोपरे काटकोनात येईपर्यंत प्रोबचा स्क्रू फिरवा.

स्कोप ९ व्होल्टच्या बॅटरीवरच चालवा, गाडीच्या १२ व्होल्टवर नको. ब्रिज जोडणीत (दोन चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवतात तेव्हा) स्पीकरचं एकही टर्मिनल अर्थ नसतं. काळा चिमटा तिथे लावला आणि स्कोपचा अर्थ बॉडीला मिळाला, की अ‍ॅम्पचं आउटपुट शॉर्ट.

स्पीकरच्या वायरी सोडवा, इक्वलायझर आणि बास बूस्ट शून्यावर ठेवा. सबसाठी ५० हर्ट्झ, बाकीच्यांसाठी १ किलोहर्ट्झचा ० डीबी (पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला) टोन लावून व्हॉल्यूम पाऊणभर करा. आधी स्टिरिओचं आरसीए आउटपुट (अ‍ॅम्पकडे सिग्नल नेणारी जोडणी) तपासा. लाट तिथेच कापली जात असेल तर अ‍ॅम्पचा गेन कमी करून काही साधत नाही. ती गोल असेल तर माथा चपटा होईपर्यंत गेन वाढवा, मग मागे घ्या. स्पीकर जोडल्यावर सप्लाय खाली बसतो आणि क्लिपिंग लवकर येतं, म्हणून आणखी थोडा कमी ठेवा.

क्लास-डी (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून चालणाऱ्या) अ‍ॅम्पवर रेघ जाड, केसाळ दिसते. ते स्विचिंगचे अवशेष, बिघाड नव्हे. एकाच बाजूचा माथा कापलेला दिसला तर मात्र स्पीकर जोडू नका: टोन बंद करून मीटर डीसीवर ठेवा. टर्मिनलांवर काही व्होल्ट डीसी आढळलं तर आउटपुट ट्रान्झिस्टरवर संशय घ्या.