लँडफिल भरत आलंय: दाबायचं, उंची वाढवायची की जुना ढीग उपसायचा?

लँडफिलची, म्हणजे शहराचा कचरा थराथरानं पुरण्याच्या ठिकाणाची, जागा संपत आली की तीन पर्याय पुढे येतात. रोजचा कचरा अधिक घट्ट दाबणं, ठरलेल्या उंचीच्या वर थर चढवणं, किंवा जुना ढीग उपसून, चाळून जागा मोकळी करणं. आमचं मत आधीच सांगतो: पहिला पर्याय प्रत्येकानं करायचाच आहे. खरी निवड उरलेल्या दोहोंत आहे, आणि ती ढिगाच्या तळाशी लायनर, म्हणजे घाण पाणी जमिनीत झिरपू न देणारं अस्तर, आहे की नाही यावर ठरते.

पण आधी मोजणी. "अजून इतक्या टनांची जागा आहे" एवढ्यानं काहीच कळत नाही. उरते ती घनमीटरमधली पोकळी: आजच्या पृष्ठभागापासून मंजूर अंतिम उतारांपर्यंतची, त्यातून अंतिम आच्छादन, म्हणजे ढीग बंद करताना वर घालायचा थर, वजा करून. हे आच्छादन विसरलं, तर ४ हेक्टरच्या ढिगावर १ मीटर जाडीला ४०,००० घनमीटर जागा कागदावर उगाच जास्त दिसते. मोजणी ड्रोननं करायला हरकत नाही, मात्र जमिनीवर पक्के कंट्रोल पॉइंट, म्हणजे अचूक स्थान आणि उंची माहीत असलेल्या खुणा, हवेत. १० हेक्टरवर उंचीत १० सेंटिमीटर चुकले की १०,००० घनमीटर चुकले. दोन मोजण्यांमध्ये जितकी जागा भरली, तिनं वजनकाट्यावरच्या टनांना भागा. येणारा आकडा म्हणजे एका घनमीटरमध्ये मातीसकट प्रत्यक्षात किती कचरा बसतोय ते. एक काळजी घ्या: जुना कचरा कुजून खचतो, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. नव्या आणि जुन्या भागाचा हिशेब वेगळा ठेवा.

दाबणीनं किती फरक पडतो ते एका उदाहरणातून बघू. १० लाख घनमीटर शिल्लक आहेत, रोज ५०० टन येतात. कचरा डोझरनं दाबून घनमीटरला ०.६ टन बसतो आणि कचरा झाकायला रोज पसरायच्या मातीत २० टक्के जागा जाते. मग ८ लाख घनमीटरमध्ये ४.८ लाख टन मावतील, म्हणजे ९६० दिवस. तोच कचरा दातेरी पोलादी चाकांच्या कॉम्पॅक्टरनं ०.८ टनांपर्यंत नेला की १,२८० दिवस. मातीचा वाटा १० टक्क्यांवर आणला की १,४४०. एक वीटही न रचता सव्वा वर्षाहून जास्त मिळालं.

हे साधतं ते थराच्या जाडीतून. कचरा उताराच्या पायथ्याशी टाकून वरच्या दिशेनं ढकलत पसरवायचा, थर अर्ध्या मीटरच्या आसपास ठेवायचा आणि त्यावरून कॉम्पॅक्टरच्या ३ ते ५ फेऱ्या मारायच्या. पाचाच्या पुढे डिझेल जळतं, घनता फारशी वाढत नाही. ट्रकची रांग लागली की चालक मीटर-दीड मीटरचा थर एकदम पसरवतो. वरचा पापुद्रा दाबला जातो, खाली पोकळी तशीच राहते, आणि ती पुन्हा कधीच हाती लागत नाही. चाकांचे दाते झिजले की मशीन कचऱ्यावरून नुसतं लोळतं. दात्यांची उंची नियमित मोजा. टाकण्याचा पट्टा जितका रुंद, तितकी १५ सेंटिमीटरची रोजची माती जास्त लागते. पट्टा अरुंद ठेवा. रात्रीपुरती ताडपत्री चालत असेल तर ती वापरा, नाहीतर सकाळी माती खरवडून बाजूला घ्या.

उंची वाढवणं कागदावर फार सोपं दिसतं. २०० बाय २०० मीटरचा माथा १० मीटर चढवला तर ४ लाख घनमीटर, असं वाटतं. १:३ चा, म्हणजे १ मीटर उंचीला ३ मीटर आडवा, उतार ठेवला की प्रत्येक बाजूनं माथा ३० मीटर आत सरकतो, वरची बाजू १४० मीटरच उरते आणि हाती येतात साधारण २.९ लाख. त्यातून आच्छादन आणि मशीन वर नेण्याचा रस्ता वजा. शिवाय नवं वजन खालच्या लीचेटच्या, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याच्या, पाइपांवर येतं. ते चेपले की पाणी ढिगातच साचतं आणि कचऱ्याची पकड सुटते. १९९६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिनसिनाटीजवळ सुमारे १२ लाख घनमीटर कचरा घसरला. तिथे ढिगाखालची मूळ माती कमकुवत होती आणि नव्या विस्तारासाठी पायथा खणला होता. १९९७ मध्ये कोलंबियात बोगोता शहराच्या दोन्या हुआना या लँडफिलला ढीग सरकला, त्यात ढिगात परत सोडलेल्या लीचेटचा दाब कारणीभूत होता. म्हणून आतली पाण्याची पातळी मोजणारे पिझोमीटर बसवल्याशिवाय वरचा एक थरही चढवू नये. पायथ्याशी खोदकाम आणि माथ्यावर भर, हे एकाच वेळी तर कधीच नाही.

उपसणीत जागा खरोखर मोकळी होते, पण उपसलेली सगळी नाही. जुन्या ढिगात बारीक माती बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास निघते. तपासणीत ती ठीक ठरली तर रोजच्या आच्छादनाला तिथेच वापरता येते. जड धातू किंवा क्षार जास्त असले तर ती पुन्हा पुरावी लागते, आणि जागेचा लाभ तितका घटतो. मातीनं माखलेल्या प्लास्टिकमध्ये राख एवढी असते की भट्टीवाले ते नाकारतात. मग त्याचाच वेगळा ढीग उभा राहतो. म्हणून मशीन बोलावण्याआधी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या खोलीवर चाचणीखड्डे घ्या आणि प्रत्येक घटक कोण उचलणार ते लेखी ठरवा. ओला कचरा ट्रॉमेलची, म्हणजे फिरत्या गोल चाळणीची, जाळी तासाभरात लिंपून टाकतो, त्यामुळे आधी लांबट रांगा करून काही आठवडे उलटवत वाळवणं आलंच. खोदताना मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान हवेत मिसळला की ठिणगी पुरते, तेव्हा गॅस डिटेक्टर प्रत्येक खोदणाऱ्या मशीनजवळ हवा.

तळाला लायनर नसेल तर उंची वाढवू नका, उपसा. वर वजन टाकून भूजलात झिरपणारं लीचेट वाढवण्यात अर्थ नाही, आणि मोकळ्या झालेल्या तळावर नवं लायनर टाकता येतं. लायनर शाबूत असेल, लीचेट नीट निघत असेल आणि उताराची स्थिरता तपासून झाली असेल, तर उंची वाढवणं जास्त लवकर होतं. ढीग ताजा, अजून गॅस सोडणारा असेल तर उपसणी लांबवा.

वेळेचाही हिशेब आहे. ३ लाख टनांचा ढीग रोज १,००० टनांनी चाळला तर ३०० कामाचे दिवस लागतात. पावसाळा धरून वर्षाला २०० दिवस मिळाले तर दीड वर्ष. तोवर रोजचे ५०० टन येतच राहतात. त्यांच्यासाठी दीड वर्षाची, म्हणजे ०.८ च्या घनतेनं आणि १० टक्के मातीसह जवळपास ३.८ लाख घनमीटर जागा शिल्लक असतानाच पहिला बकेट ढिगाला लागला पाहिजे.