व्हीसीआर टीव्हीला जोडून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

जुना व्हीसीआर किंवा डीव्हीडी प्लेअर नव्या एलईडी टीव्हीला जोडणे हे काम मुळात किरकोळ आहे. तरीही त्याच्या आडून ज्येष्ठ माणसांकडून पैसे कसे उकळले जातात, हे पुण्यात माझ्या वडिलांच्या बाबतीत घडले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

वडिलांच्या टीव्हीच्या मागे, व्हीसीआरची केबल जिथे लावतात ती पिवळे, पांढरे, लाल अशी तीन सॉकेट नव्हती. एचडीएमआय, यूएसबी आणि ‘एव्ही इन’ लिहिलेले हेडफोनच्या पिनेएवढे एक भोक, एवढेच होते. भावाच्या मुंजीची कॅसेट बघायची म्हणून वडील एका दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली केबल साडेसहाशे रुपयांना दिली आणि ‘काका, डायरेक्ट लावा, चालते’ असे सांगितले. ती चालणे शक्यच नव्हते. व्हीसीआरमधून निघणारा सिग्नल अ‍ॅनालॉग असतो, एचडीएमआयला डिजिटल लागतो, आणि नुसत्या तारेत एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारे काहीही नसते.

पडद्यावर ‘नो सिग्नल’ आल्यावर दुकानदाराने आपला मेकॅनिक घरी पाठवला. त्याने व्हीसीआरचे झाकण काढले, आतल्या चकचकीत ड्रमवर बोट फिरवून काळी धूळ दाखवली, हेड (कॅसेटवरचे चित्र वाचणारा भाग) गेल्याचे जाहीर केले आणि मशीन घेऊन गेला. हेड खराब किंवा घाण झाले तर पडद्यावर बहुधा मुंग्या येतात किंवा चित्र फाटते. टीव्हीपर्यंत काही पोहोचतच नसेल तर आधी जोडणी तपासायची असते. पण व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने 2016 साली उत्पादन थांबवले असल्यामुळे ‘पार्ट आता कुठेच मिळत नाही’ हे वाक्य ग्राहकाला सहज पटते, आणि मग सांगेल ती किंमत द्यावी लागते. वडिलांकडून ‘हेड बदलले’ म्हणून बत्तीसशे रुपये घेतले गेले आणि सोबत सिग्नलचे रूपांतर करणारी एक कन्व्हर्टर डबीही विकली गेली. तरीही चित्र आले नाही, तेव्हा टीव्हीचा इनपुट बोर्ड बदलावा लागेल असे सांगण्यात आले. तिथे मात्र वडिलांनी मला फोन केला.

डबीवर ‘एचडीएमआय टू एव्ही’ असे छापलेले होते, म्हणजे ती नेमकी उलट्या दिशेची होती. या कामाला ‘एव्ही टू एचडीएमआय’ लागते. दोन्ही डब्या दिसायला जवळपास सारख्या असतात. त्यानंतर ओळखीच्या एका निवृत्त तंत्रज्ञांनी व्हीसीआर उघडला. ड्रमच्या स्क्रूंवर कारखान्यात लावलेला लाखेचा ठिपका जसाच्या तसा होता. हेड बदलायचे तर तो फोडावाच लागतो. शेजाऱ्यांच्या जुन्या, डब्यासारख्या टीव्हीवर तीच कॅसेट व्यवस्थित दिसली.

टीव्हीवरच्या त्या बारीक भोकासाठी एका टोकाला लहान पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन सॉकेट असलेली अ‍ॅडॉप्टर केबल मिळते. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, तपकीर गल्लीत, ती दीडशे रुपयांत मिळाली. तिच्यातही एक मेख आहे. पिनेवरच्या कड्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, त्यामुळे कॅमकॉर्डरची तशीच दिसणारी केबल लावली तर चित्र न येता स्पीकरमधून नुसती घरघर येऊ शकते. अशा वेळी पिवळी पिन दुसऱ्या रंगाच्या सॉकेटमध्ये घालून पाहावी. काही टीव्हींवर पिवळे आणि हिरवे सॉकेट एकच असते. तिथे टीव्हीच्या इनपुटच्या यादीत ‘एव्ही’ऐवजी ‘कंपोनंट’ निवडले गेले तर चित्र कृष्णधवल दिसते, आणि त्यावरूनही ‘कलर सेक्शन गेले’ असे सांगणारे भेटतात.

दुकानदाराने पक्के बिल दिलेच नव्हते. बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तशी नोंदवल्यावर केबल आणि डबी यांचे पैसे परत मिळाले, कारण ते दुकानाच्या क्यूआर कोडवर भरलेले होते. हेडचे बत्तीसशे रुपये मेकॅनिकने रोख घेतले होते, आणि असा माणूस आमच्याकडे कामाला नाही, असे दुकानदार आता सांगतो.