सगळे धरून २४,००० आणि गॅरेजमधल्या फ्रीझरचे बिल

पुण्यात भाड्याचे घर शोधताना ‘लाइट, पाणी, वायफाय सगळे धरून’ असे कोणी सांगितले की, विशेषतः नोकरीसाठी नव्याने आलेल्या माणसाला हायसे वाटते. महिन्याचा एकच आकडा ठरतो आणि बिलांमागे धावावे लागत नाही. अशी सगळीच घरे फसवी असतात असे नाही. परंतु कोथरूडमधील एका बंगल्यातील दोन खोल्यांच्या घरात आम्हा दोघांना जो अनुभव आला, तशाच पद्धतीने आणखीही काही भाडेकरूंना गंडवल्याचे नंतर चौकशीत कळले, म्हणून तो तपशिलाने लिहीत आहे.

घरमालक काका वरच्या मजल्यावर राहत असत. भाडे २४,००० रुपये आणि अनामत ७५,००० रुपये ठरली. तेवढेच घर त्याच भागात वीजबिल वगळून २०,००० च्या आसपास मिळत होते, म्हणजे वरचे ४,००० रुपये आम्ही या सोयीसाठीच मोजत होतो. “तुम्ही फक्त चोवीस द्या, बाकीचं सगळं माझ्याकडे,” असे काकांनी तोंडी सांगितले आणि माझ्या पत्नीने विचारल्यावर व्हॉट्सॲपवरही लिहून पाठवले.

कराराच्या दिवशी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला. मसुद्यात वीजबिल परवानाधारकाने, म्हणजे आम्ही, भरावे असे कलम होते. त्याकडे बोट दाखवल्यावर तो म्हणाला की हा सरकारी नमुना आहे, यातले काही बदलता येत नाही, आणि काकांनीही मान डोलावली. ही शुद्ध थाप होती. ऑनलाइन नोंदणीत दोन्ही पक्षांना मान्य असलेली जादा अट लिहिता येते. यातली मेख नंतर उमगली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, तशी नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि ती केली नसेल तर अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्यामुळे नोंदणीचा आग्रह धरणारा मालक सरळच असेल असे समजू नये. आमचे मालक नोंदणीबाबत अतिशय काटेकोर होते, कारण नोंदलेला कागद त्यांच्या बाजूने बोलणार होता.

उन्हाळा लागताच ‘वापर जरा वाजवी ठेवा’ असे निरोप सुरू झाले आणि पाठोपाठ जादा वापराचे १,८०० रुपये मागण्यात आले. पुढच्या महिन्यात मागणी वाढली. सोबत बिलाचा फोटो असे, पण वरचा भाग कापलेला. आम्ही दोघेही दिवसभर कामावर, घरात एसी नाही, गीझर सकाळी थोडा वेळ. एकदा छापील बिल चुकून आमच्या पत्रपेटीत पडले आणि १२ अंकी ग्राहक क्रमांक हाती लागला. तो आणि बिलावरचा बिलिंग युनिटचा आकडा टाकला की महावितरणच्या संकेतस्थळावर बिल दिसते. आमच्या मीटरवर दरमहा ५०० हून अधिक युनिट पडत होते. घरगुती वीजदर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो, त्यामुळे दुसऱ्याचा वापर आपल्या मीटरवर आला की आपलीही युनिटे महाग टप्प्यात जाऊन बसतात.

त्या रात्री घरातला मुख्य एमसीबी, म्हणजे सगळ्या घराची वीज तोडणारा स्विच, पाडून मी जिन्याखालच्या मीटरपाशी गेलो. तांबडा दिवा लुकलुकतच होता, मिनिटाला साधारण वीस वेळा. मीटरवर ३२०० पल्सचे, म्हणजे दिवा तितक्या वेळा लुकलुकला की, एक युनिट असे छापलेले होते. हिशेब केला तर घर पूर्ण बंद असताना सतत पावणेचारशे वॅट, म्हणजे त्याच गतीने दिवसाला ९ आणि महिन्याला २७० युनिट कोणीतरी वापरत होते. मीटरपासून निघालेली एक वायर भिंतीच्या कडेने गॅरेजमध्ये जात होती. तिथे मालकांच्या नातेवाइकांचा पुरणपोळ्या आणि मोदक पुरवण्याचा धंदा चाले आणि त्यासाठी दोन मोठे फ्रीझर अहोरात्र सुरू असत. घरगुती जोडणीवर असा धंदा चालवणे हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, त्याची आकारणी दुप्पट दराने होते, आणि तिचा आदेश जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही बजावला जाऊ शकतो. म्हणजे फ्रीझर त्यांचे आणि नोटीस आमच्या दारात, असेही घडू शकले असते.

विचारल्यावर “गॅरेजचा मीटर वेगळा आहे” एवढेच उत्तर मिळाले. तो कुठे आहे, हे कोणी दाखवले नाही. एजंटने तर दलाली खिशात पडल्यापासूनच हात झटकले होते. आम्ही घर सोडले तेव्हा करारातील त्याच कलमावर बोट ठेवून अनामतीतून ३१,००० रुपये कापण्यात आले. व्हॉट्सॲपवरचा तो निरोप, लुकलुकणाऱ्या दिव्याचा व्हिडिओ आणि संकेतस्थळावरील बिले जोडून वकिलांमार्फत नोटीस पाठवल्यावर २०,००० परत आले. उरलेल्या ११,००० साठी दावा लावल्यास खर्चच जास्त होईल, असे वकिलांचे मत पडले.

आताच्या घराचे वीजबिलही भाड्यातच आहे. मात्र दरमहा १५० युनिटांपर्यंतची वीज भाड्यात धरली आहे, त्यावरील युनिटांचे पैसे महावितरणचे पूर्ण बिल पाहूनच दिले जातील आणि या मीटरवर दुसरी कोणतीही जोडणी नाही, ही अट नोंदलेल्या करारात आहे. ग्राहक क्रमांकही तिथेच लिहून घेतला आहे, आणि किल्ली घेण्यापूर्वी एमसीबी पाडून मीटरचा दिवा थांबतो की नाही, हे मालकांसमक्ष पाहून घेतले.